दोन दिवसांत स्वीकारलेला पेपर: ओपन ॲक्सेस जर्नल तपासण्याचं एक प्रकरण

ऐरोलीच्या एका अनुदानित महाविद्यालयातल्या पर्यावरणशास्त्राच्या सहयोगी प्राध्यापिका आणि ठाण्यातल्या दुसऱ्या महाविद्यालयातले त्यांचे सहलेखक, अशा दोघांनी मिळून ठाणे खाडीच्या गाळातल्या मायक्रोप्लास्टिकवर पेपर लिहिला. ऐरोली ते वाशी या पट्ट्यातले ओहोटीच्या वेळचे नमुने, कणांची मोजणी, रंग-आकारानुसार वर्गीकरण. विषय महत्त्वाचा आहे. खाडीचा मोठा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. सहलेखक सरांनी शुक्रवारी रात्री पेपर एका 'आंतरराष्ट्रीय बहुविद्याशाखीय' ओपन ॲक्सेस (वाचकाला मोफत) जर्नलला मेल केला. रविवारी सकाळी स्वीकृतिपत्र आलं. फी १,८०० रुपये, दुसऱ्या लेखकाचे ३०० वेगळे. त्यात छापील अंक आणि प्रत्येकाला प्रमाणपत्र. पैसे यूपीआयने, एका व्यक्तीच्या नावावर.

पैसे भरायच्या आधी मॅडमनी कॉलेजच्या ग्रंथपालांना फोन करून विचारलं, "हे जर्नल यूजीसी ॲप्रूव्हड आहे ना?" म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्य यादीत आहे ना. इथून प्रकरण सुरू होतं. (ते कुणा एकाचं नाही; महाविद्यालयीन ग्रंथालयांत वारंवार येणारे प्रसंग एकत्र करून बांधलं आहे. नियम, तारखा आणि बाहेरच्या संस्थांचे आकडे मात्र जसे आहेत तसेच दिलेत.)

घाई कशाची होती

मॅडमना कॅस (करिअर ॲडव्हान्समेंट स्कीम) या बढतीच्या योजनेतून प्रोफेसर व्हायचं आहे. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीप्रमाणे त्यासाठी पीअर रिव्ह्यू (त्याच विषयातल्या जाणकारांकडून तपासणी) होणाऱ्या किंवा यूजीसीच्या यादीतल्या जर्नलांत एकूण १० पेपर हवेत आणि त्यातले ३ मूल्यमापनाच्या काळातले. त्यांच्याकडे ९ आहेत, काळातले २. एक पेपर कमी.

सरांचा हिशेब थोडा पुढचा होता. त्याच पदासाठी संशोधनाचे ११० गुणही लागतात आणि गुणांच्या तक्त्यात पेपरच्या मूळ गुणांवर, इम्पॅक्ट फॅक्टर (जर्नलमधल्या पेपरांचा सरासरी किती वेळा संदर्भ घेतला गेला तो आकडा) ५ ते १० असेल तर २५ गुणांची भर पडते, तर इम्पॅक्ट फॅक्टर नसलेल्या रेफरीड जर्नलला ५ ची. दोघं लेखक असले की प्रत्येकाला एकूण गुणांचे ७० टक्के. या जर्नलच्या मुखपृष्ठावर ठळक अक्षरांत 'इम्पॅक्ट फॅक्टर ७.८' होतं. एवढा फरक पडत असेल तर कुणाचाही हात शिवशिवणारच. फक्त त्याच तक्त्यात असंही लिहिलंय की इम्पॅक्ट फॅक्टर थॉमसन रॉयटर्सच्या यादीनुसार धरायचा. थॉमसन रॉयटर्सने तो व्यवसाय २०१६ मध्ये विकला आणि आज तो क्लॅरिव्हेट या नावाने चालतो. क्लॅरिव्हेटच्या जर्नल सायटेशन रिपोर्ट्समध्ये नसलेला आकडा कितीही दशांशांपर्यंत छापला तरी या तक्त्यात तो शून्य.

'यूजीसी ॲप्रूव्हड' हा प्रश्नच शिळा झालाय

२०१७ मध्ये यूजीसीने मान्यताप्राप्त जर्नलांची यादी काढली. विद्यापीठांनी सुचवलेली नावंही तीत घेतली होती. त्या विद्यापीठ-शिफारशीच्या भागातल्या १,००९ जर्नलांची तपासणी भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी केली, आणि २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये लिहिलं की त्यातली ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट असू शकतात. कित्येकांचा पत्ता, संपादकांची नावं, संकेतस्थळ अशी मूलभूत माहितीसुद्धा धड नव्हती. मे २०१८ मध्ये यूजीसीने ४,३०५ जर्नलं यादीतून काढली. मग निवडक जर्नलांची केअर यादी आली, तिचं काम पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठात चाले. तीही बंद करायचा निर्णय ऑक्टोबर २०२४ मध्ये झाला, फेब्रुवारी २०२५ मध्ये तशी जाहीर सूचना निघाली. आता यूजीसी यादी देत नाही, निकष सुचवते आणि जर्नलची पारख संस्थेवर आणि लेखकावर सोडते.

म्हणजे आज एखादं जर्नल 'यूजीसी ॲप्रूव्हड, क्रमांक अमुक' असं मिरवत असेल, तर ते अस्तित्वात नसलेल्या यादीचा हवाला देतंय. जुना पेपर त्या काळी यादीत असलेल्या जर्नलमध्ये आला असेल तर ती वेगळी गोष्ट. तिथे पेपर आला त्या तारखेला जर्नल यादीत होतं याचा पुरावा लागतो. नव्या पेपरसाठी या वाक्याला काही वजन नाही.

पहिलं जर्नल: प्रत्येक दावा त्याच्या मूळ ठिकाणी

ग्रंथपालांनी जर्नलच्या साइटवर फार वेळ घालवला नाही. तिथून फक्त दावे उतरवून घेतले आणि प्रत्येक दावा ज्याच्या नावावर केलाय त्याच्या दारात जाऊन पाहिला. पाऊण तासाचं काम आहे.

आयएसएसएन: आयएसएसएन पोर्टलवर क्रमांक टाकला. खरा निघाला. नाव तेच, देश भारत. इथेच बरेच जण थांबतात. आयएसएसएन म्हणजे नियतकालिकाची नोंद, त्यातल्या मजकुराच्या दर्जाशी त्याचा संबंध नाही. गाडीला नंबरप्लेट आहे म्हणून चालवणाऱ्याला गाडी येते असं होत नाही. पोर्टलवर बघायचं ते दुसरंच: तिथे नोंदवलेलं नाव, प्रकाशक आणि संकेतस्थळाचा पत्ता आपल्या ब्राउझरमधल्या पत्त्याशी जुळतो का. जुळत नसेल तर मूळ जर्नलचं नाव चोरून कुणी नकली साइट उभी केलेली असू शकते. अशा हायजॅक झालेल्या जर्नलांची शोधता येणारी यादी रिट्रॅक्शन वॉच या मागे घेतलेल्या पेपरांवर लक्ष ठेवणाऱ्या संकेतस्थळाने ठेवली आहे.

डीओआय (पेपरचा कायमचा ऑनलाइन क्रमांक): प्रत्येक पेपरवर होता, क्लिक केल्यावर उघडतही होता. पण सुरुवात १०.५२८१ अशी होती. तो झेनोडोचा उपसर्ग आहे. झेनोडो हे कुणालाही फाइल चढवता येणारं भांडार, आणि तिथे चढवलेल्या प्रत्येक फाइलला आपोआप डीओआय मिळतो. जर्नलने स्वतः क्रॉसरेफ या डीओआय देणाऱ्या संस्थेकडे नोंदणी करून डीओआय घेतलेले नाहीत, पेपर भांडारात टाकून तिथला क्रमांक पेपरवर छापलाय. झेनोडोचा यात काही दोष नाही. आणि क्रॉसरेफचा डीओआय असता तरी तो सदस्यत्व घेऊन मिळतो, गुणवत्ता तपासून नव्हे.

इंडेक्सिंग (जर्नल कोणत्या सूचींत आहे): चौदा लोगो होते. गूगल स्कॉलर, रिसर्चगेट, अकॅडेमिया, ऑर्किड, लिंक्डइनसुद्धा. गूगल स्कॉलर आपोआप पानं गोळा करतं, निवड करत नाही. रिसर्चगेटवर लेखक स्वतः पेपर टाकतात. ऑर्किड माणसांना क्रमांक देतं, जर्नलांना नाही. निवड करणारं नाव या चौदांत एकच, डीओएजे, म्हणजे ओपन ॲक्सेस जर्नलांची निर्देशिका. तो लोगो डीओएजेच्या मुख्य पानावरच नेत होता, जर्नलच्या नोंदीवर नाही. डीओएजेवर आयएसएसएनने शोधलं तर नोंद सापडली नाही. शोध नेहमी आयएसएसएनने घ्यावा, कारण 'इंटरनॅशनल जर्नल ऑफ' ने सुरू होणारी नावं एकमेकांत सहज मिसळतात. स्कोपस या संशोधन-सूचीची स्रोतांची यादी आणि क्लॅरिव्हेटची मास्टर जर्नल लिस्ट मोफत बघता येतात. तिथेही हे जर्नल नव्हतं. ७.८ हा आकडा क्लॅरिव्हेटचा नसून तसल्याच आद्याक्षरांच्या दुसऱ्या एका 'इम्पॅक्ट फॅक्टर' सेवेचा निघाला.

संपादक मंडळ: बावीस नावं. त्यातली पाच निवडून त्यांच्या विद्यापीठांच्या पानांवर शोधली. दोन सापडली, एक निवृत्त, दोघांचा त्या संस्थेत मागमूस नाही. सापडलेल्या दोघांना साधा मेल पाठवला: "आपण या जर्नलच्या संपादक मंडळावर आहात का?" एकीचं उत्तर आलं, आपल्याला याची कल्पनाच नाही.

प्रमाण: ताज्या मासिक अंकात दोनशेच्या वर पेपर. आयुर्वेदापासून सिव्हिल इंजिनिअरिंगपर्यंत. प्रत्येक पेपरला दोन रिव्ह्यूअर धरले तर महिन्याला चारशे रिव्ह्यू, आणि साइटवर कार्यकारी संपादक एक. गणित इथेच तुटतं. अंकांतले निम्म्याहून अधिक 'विशेषांक' कॉलेजांच्या एकदिवसीय परिषदांचे होते. नोंदणी फीमध्येच प्रकाशन धरायचं आणि सगळे पेपर एका झिपमध्ये पाठवायचे, ही आपल्याकडची रुळलेली पद्धत. परिषदेतल्या निबंधांचा संग्रह म्हणून ते छापायला हरकत नाही, पण त्याला पीअर रिव्ह्यूड जर्नल म्हणून कॅसच्या फाइलला लावणं ही दिशाभूल आहे.

एवढ्यावर निकाल लागतो. तरी सरांचा मुद्दा राहिला होता, आणि तो उडवून लावण्यासारखा नव्हता: "रिव्ह्यू रिपोर्ट आलाय की. दोन रिव्ह्यूअरांचा."

रिव्ह्यू खरा की खोटा हे पेपरच सांगतो

रिपोर्ट म्हणजे एका पानाचा तक्ता. मौलिकता: उत्तम. भाषा: चांगली. संदर्भ: पुरेसे. शेवटी 'स्वीकारावा'. दोन्ही रिपोर्टमध्ये खाडी, गाळ, प्लास्टिक यांतला एकही शब्द नाही.

आपल्या पेपरमधली कच्ची जागा लेखकाला बहुतेक वेळा माहीत असते. मॅडमना होती. त्यांनी गाळातून प्लास्टिक वेगळं करायला मिठाचं संपृक्त द्रावण वापरलं होतं, कारण ते स्वस्त आणि बिनविषारी. त्याची घनता साधारण १.२ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. पॉलिइथिलीन, पॉलिप्रॉपिलीन त्यावर तरंगतात. बाटल्यांचं पीईटी १.३८ च्या आसपास, पाइपचं पीव्हीसीही तितकंच जड. ते गाळाबरोबर खालीच राहतात. त्यासाठी झिंक क्लोराइडचं १.५ ते १.७ घनतेचं द्रावण लागतं. म्हणजे पेपरमधली मोजणी खऱ्यापेक्षा कमी आहे आणि 'खाडीत पॉलिइथिलीन सर्वाधिक' हा निष्कर्ष काही अंशी मिठाच्या पाण्याने ठरवलेला आहे. दुसरी गोष्ट, प्रयोगशाळेच्या हवेतून पडणारे कपड्यांचे तंतू मोजणीत येतात, म्हणून गाळ न घालता सगळी प्रक्रिया करून घेतलेले कोरे नमुने लागतात. ते घेतले होते, पण त्यांचे आकडे तक्त्यात दिले नव्हते. तिसरी, सूक्ष्मदर्शकाखाली प्लास्टिक म्हणून उचललेल्या कणांपैकी किती एफटीआयआरवर (अवरक्त प्रकाशाने पदार्थ ओळखणारं यंत्र) प्लास्टिक ठरले, तेही लिहिलं नव्हतं.

या विषयात काम केलेला कुणीही वाचक या तिनांपैकी एकावर तरी बोट ठेवेल. ज्या रिव्ह्यूने तिन्ही सोडल्या, तो झालाच नाही असं धरायला हरकत नाही. लोगो आणि क्रमांक तपासण्यापेक्षा ही कसोटी आम्हाला जास्त भरवशाची वाटते, कारण क्रमांक विकत मिळतात. अडचण एवढीच की पेपर पाठवल्यानंतरच ती वापरता येते.

पाठवलेला पेपर परत घेणं

इथे बहुतेक जण चूक करतात: गप्प बसतात आणि पेपर दुसरीकडे पाठवतात. एकाच वेळी दोन जर्नलांकडे पेपर असणं हा प्रकाशन-नीतीचा भंग आहे, पहिलं जर्नल कितीही फालतू असलं तरी. वर, पहिल्याने तो परस्पर छापला तर चांगलं जर्नल 'आधीच प्रकाशित' म्हणून परत करतं.

दोघांनी फी भरली नव्हती आणि कॉपीराइट हस्तांतरणाचा फॉर्म सही करून दिला नव्हता. हे दोन्ही न झालेलं असणं इथे सोन्यासारखं. संपादकांना दोन्ही लेखकांच्या सहीचं पत्र मेलने गेलं: पेपरचं शीर्षक, जर्नलने दिलेला क्रमांक, पाठवल्याची तारीख, आम्ही फी भरलेली नाही, हक्क दिलेले नाहीत, पेपर मागे घेत आहोत, कोणत्याही रूपात प्रकाशित करू नये, सात दिवसांत लेखी कळवावं. कारण सांगायची गरज नसते, भांडायची तर मुळीच नाही. उत्तर आलं ते व्हॉट्सॲपवर: रिव्ह्यू झालेला आहे, मागे घ्यायचे १,००० रुपये भरा. भरले नाहीत. पैसे दिले की आपण त्यांच्या अटी मान्य केल्याचा कागद तयार होतो. त्याऐवजी आठव्या दिवशी पहिल्या पत्राची आठवण देणारं दुसरं पत्र गेलं, आणि व्हॉट्सॲपवरच्या मजकुराचे तारखेसह स्क्रीनशॉट ठेवले. पुढचा अंक आला, त्यात पेपर नव्हता. असता तर झेनोडो भांडाराकडे हक्कधारक म्हणून फाइल काढण्याची विनंती करावी लागली असती आणि नव्या संपादकांना ते आधीच सांगावं लागलं असतं.

उरलेली दोन

पेपरसाठी आणखी दोन जर्नलं समोर होती. दुसरं जर्नल मोठ्या परदेशी व्यावसायिक प्रकाशकाचं. स्कोपसमध्ये, क्लॅरिव्हेटकडे, डीओएजेतही. मॅडमना त्यांच्या एका विशेषांकाचं निमंत्रण आलं होतं. प्रकाशन शुल्क दोन हजार डॉलरच्या घरात. हे जर्नल लुच्चं नाही, पण 'स्कोपसमध्ये आहे' म्हणून डोळे मिटावेत असंही नाही. विशेषांकांचे पाहुणे संपादक आणि पेपर विकणारे कारखाने यांनी काय गोंधळ घातला ते हिंदावी या ओपन ॲक्सेस प्रकाशन कंपनीत दिसलं: वायली या मोठ्या प्रकाशकाने २०२१ मध्ये ही कंपनी घेतली आणि पुढे ११,००० हून अधिक पेपर मागे घ्यावे लागले. मार्च २०२३ मध्ये क्लॅरिव्हेटने पन्नासहून अधिक जर्नलं यादीतून काढली, त्यात नावाजलेलीही होती. तेव्हा मोठ्या प्रकाशकाच्या बाबतीत जर्नल नव्हे, तो विशेषांक तपासावा. पाहुण्या संपादकाचं या विषयात काम आहे का, त्याच्या आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या पेपरांनीच अंक भरलाय का. प्रत्येक पेपरवर 'मिळाला' आणि 'स्वीकारला' या तारखा असतात. वीस पेपरांच्या तारखा उतरवून मधला आकडा काढावा. सगळे एकाच साच्यातल्या दिवसांत उरकलेले दिसले तर सावध व्हावं. या विशेषांकात तसं काही दिसलं नाही. नकार पैशांमुळे आला. शुल्कमाफी बऱ्याच प्रकाशकांकडे रिसर्च४लाइफ या कमी उत्पन्नाच्या देशांसाठीच्या कार्यक्रमाच्या देश-यादीप्रमाणे मिळते आणि भारत तीत नाही. सवलत मागता येते, मिळेलच असं नाही.

तिसरं एका भारतीय वैज्ञानिक संघटनेचं. लेखकाला शुल्क नाही, वाचकालाही नाही. साइट बघून मात्र कुणी प्रभावित होणार नाही: जुनाट मांडणी, 'आमच्याविषयी'त शुद्धलेखनाच्या चुका, अंक दोन महिने उशिरा. सरांचा पहिला शेरा "हे तर बंद पडलेलं दिसतंय" असा होता. अंक उशिरा येणं हा बिनपगारी संपादकांचा आजार आहे, लबाडीचा नाही. लबाड जर्नलचा अंक कधीच उशिरा येत नाही.

डीओएजेत नोंद होती, आयएसएसएन आणि पत्ता जुळत होता. नोंदीत जर्नल कधी दाखल झालं तेही दिसतं, आणि ते बघण्याला कारण आहे. २०१३ मध्ये 'सायन्स' नियतकालिकाच्या जॉन बोहॅनन यांनी ढोबळ चुका असलेला बनावट पेपर ३०४ ओपन ॲक्सेस जर्नलांना पाठवला होता; १५७ ठिकाणी तो स्वीकारला गेला आणि त्यांत डीओएजेतली जर्नलंही होती. त्यानंतर डीओएजेने निकष कडक केले, सगळ्यांना नव्याने अर्ज करायला लावले आणि २०१६ मध्ये अर्ज न करणारी सुमारे ३,३०० जर्नलं एकदम काढली. आज त्यांच्या अटींत प्रत्येक लेखाला किमान दोन स्वतंत्र रिव्ह्यूअर आणि मंडळावरच्यांची संस्थेसह नावं येतात. ताज्या दोन अंकांपैकी कोणत्याही अंकात संपादक-मंडळ-रिव्ह्यूअर यांचे स्वतःचे लेख २५ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाहीत. तिसऱ्या जर्नलच्या ताज्या अंकात बारा लेख होते, मंडळावरच्या व्यक्तीचा एक. प्रत्येक लेखावर क्रिएटिव्ह कॉमन्सचा (लेख इतरांना मोकळेपणी वापरू देणारा) परवाना स्पष्ट. पहिल्या जर्नलने 'ओपन ॲक्सेस' म्हणत तळाला 'सर्व हक्क राखीव' छापलं होतं, हा फरकही नोंदवण्यासारखा. शेवटी संपादकांना दोन ओळींचा मेल: विषय तुमच्या कक्षेत बसतो का, रिव्ह्यूला साधारण किती वेळ लागतो? चौथ्या दिवशी उत्तर आलं: बसतो, तीन ते पाच महिने, त्याहून लवकर कबूल करू शकत नाही.

पेपर तिथे गेला. सोबतच्या पत्रात पहिल्या जर्नलकडे पाठवल्याचा आणि मागे घेतल्याचा स्पष्ट उल्लेख होता, दोन्ही पत्रांच्या प्रती जोडल्या होत्या. संपादकांनी त्यावर काही विचारलं नाही. चौदा आठवड्यांनी रिव्ह्यू आले. एका रिव्ह्यूअरचा पहिलाच प्रश्न मिठाच्या द्रावणावर होता आणि दुसऱ्याने कोऱ्या नमुन्यांचा तक्ता मागितला. मोठी दुरुस्ती. राखून ठेवलेल्या गाळातले नमुने झिंक क्लोराइडने पुन्हा काढायचे ठरले. त्या द्रावणाचा खर्च सोसावा लागतो, आणि ते सिंकमध्ये ओतता येत नाही, गाळून पुन्हा वापरावं लागतं.

कॅसच्या फाइलसाठी डीओएजेच्या नोंदीचा तारखेसह स्क्रीनशॉट, संपादक मंडळाचं पान, दोन्ही रिव्ह्यू आणि त्यांना दिलेली उत्तरं असा गठ्ठा ग्रंथपालांनी आताच करायला सांगितला आहे. साइटवरची पानं बदलतात आणि छाननी समिती दोन वर्षांनी विचारते. याची किंमतही आहे. नियमानुसार अट ज्या तारखेला पूर्ण होते त्या तारखेपासून बढती धरली जाते, त्यामुळे मॅडमची तारीख किमान सात-आठ महिने पुढे गेली आणि तेवढ्या महिन्यांचा पगारातला फरक बुडाला. सरांनी मधल्या काळात स्वतःच्या आधीच्या चार पेपरांचे आयएसएसएन तपासायला दिले आहेत.